तुरीच्या डब्यातली चिठ्ठी

राजूरच्या पंचक्रोशीत आजवर जेवढी लग्नं लागली असतील, त्यातली निम्मी आमच्या थोरल्या साडूंनी कागदावर लावली आहेत, असं मी म्हणालो तर ते फक्त 'निम्मी' या शब्दाला हरकत घेतील. त्यांची नोकरी होती नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत, शेतं तपासण्याची. बियाण्याच्या प्लॉटमध्ये ओळीओळीने फिरायचं आणि भेसळीचं झाड दिसलं की उपटायचं. दिवसभर ही उपटाउपटी केली की संध्याकाळी घरी येऊन प्रेमकथा लिहायची. बावीस कादंबऱ्या झाल्या आणि बावीसही लग्नावर संपल्या. नुसत्या अक्षता टाकून यांचं भागत नसे; पंगत, आहेर, रुसलेल्या मामांची समजूत, सगळं साग्रसंगीत. एकदा नायकाच्या आत्याला जेवायला बसवायचं राहिलं, तर यांनी छपाई थांबवून तिच्यासाठी अर्धं पान वाढवलं. प्रकाशक चिडले, तर त्यांनाच विचारलं, "घरी आलेलं माणूस उपाशी जातं का?"

या सगळ्याच्या पहिल्या वाचक म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या थोरल्या मेहुणी. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. त्या घरात एक रिवाज आहे. कादंबरीची पहिली तीन प्रकरणं साडू मोठ्याने वाचून दाखवतात. अक्का डाळ निवडत ऐकतात, मग शेवट काय होणार ते एका चिठ्ठीवर लिहून तुरीच्या डब्यात टाकतात. शेवटचं प्रकरण वाचून झालं की डबा उघडायचा. तीस वर्षांत अक्कांची चिठ्ठी एकदाही चुकली नव्हती. साडूंना त्याचं कधी काही वाटलं नाही, उलट कौतुकच होतं.

मग प्रकाशकांचा फोन आला. प्रेमाला आता गिऱ्हाईक नाही, रहस्यमालिका द्या, पाच भाग छापतो. साडू उत्साहाने हो म्हणाले आणि वर स्वतःच्याच पायात दोरी अडकवून घेतली. "तुमच्या अक्कांची चिठ्ठी चुकली, तरच पुस्तक देईन," ते मला म्हणाले. "घरातल्या घरात जे लपत न्हाई, ते रहस्य कसलं?"

तयारी मात्र जोरात होती. दिसेल त्याची उलटतपासणी सुरू झाली. नवीन जालन्याच्या स्टेशनावर एका रिक्षावाल्याला त्यांनी बसल्या बसल्या विचारलं, "काल दुपारी तीन वाजता तुम्ही कुठं होते?" त्या बिचाऱ्याने रिक्षा बाजूला घेतली आणि "साब, कागदां पूरे हैं" म्हणत लायसन्स पुढे केलं. घरी आल्यावर साडू खुशीत म्हणाले, "घाबरला! म्हंजे जमून राह्यलं."

पण हात पडला प्रेमकथेचा. पहिल्या रहस्यकथेत सुरा खुपसलेला सावकार चौथ्या प्रकरणात बरा झाला आणि नर्सशी लग्न करून मोकळा झाला. दुसऱ्या कथेत मेलेला खरोखर मेला, पण साडूंनाच इतकं वाईट वाटलं की त्याचं तेरावं अकरा पानं चाललं. दोन्ही वेळा डबा उघडला, दोन्ही वेळा गुन्हेगाराचं नाव बरोबर. शेवटी साडूंनी हात जोडून विचारलं, तुला कळतं तरी कसं?

"तुम्ही ज्याला चहा पाजत न्हाई, तोच चोर," अक्का म्हणाल्या. "बाकी सगळ्यांना चहा विचारता. वाईट माणसापुढं कप ठेवायला तुमचा हातच होत न्हाई."

साडूंनी आठ दिवस लेखणीला हात लावला नाही. तेवढ्यात प्रकाशकांनी कळवलं, महिनाभरात हस्तलिखित आलं नाही, तर मालिका दुसऱ्या लेखकाला देऊ. माणूस इतका खचला की मला काळजी वाटायला लागली. म्हणून धावडा गावच्या एका जुन्या ओळखीच्या शेतकऱ्याने प्लॉट पाहायला बोलावलं, तेव्हा मीही सोबत गेलो. मिरचीच्या ओळीत साडू एकदम थांबले. नुकतंच फुलावर आलेलं एक झाड त्यांनी भेसळीचं म्हणून दाखवलं. मला तर ते शेजारच्या झाडासारखंच दिसत होतं.

"फुलावर येईस्तोवर कोणालाच ओळखू येत न्हाई, पाव्हणे," ते हळूच म्हणाले. "कारण पाणी, खत यालाबी बराबरच भेटतं." आणि ते झाड तसंच सोडून मोटारसायकलकडे चक्क पळत सुटले. मला परत जाऊन ते उपटावं लागलं.

चतुर्थीला आम्ही गणपतीच्या दर्शनाला राजूरला गेलो, त्याच दुपारी साडूंच्या तिथल्या घरी तिसऱ्या कथेचं शेवटचं प्रकरण वाचायचं होतं. खून केला होता दवाखान्यातल्या गोड बोलणाऱ्या कंपाउंडरने. मी डब्यात हात घातला आणि चिठ्ठी वाचली: "किराणा दुकानदार. बिनचहाचा."

"अवो, पण त्याला तर ॲसिडिटी होती!" साडू ओरडले आणि लहान पोरासारखे नाचायला लागले. "अन् कंपाउंडरला मी चार टाईम चहा पाजला! चार!" दर्शनाच्या रांगेतल्या अनोळखी लोकांनासुद्धा त्यांनी पेढे वाटले. अक्का गालातल्या गालात हसत म्हणाल्या, "फसले बाई मी. लिहा आता पुढचा भाग, बिलकुल सोडणार न्हाई."

आता मालिकेचा तिसरा भाग निघाला आहे आणि राजूरला नारळ-प्रसादाच्या दुकानातही तो मिळतो. ती चुकलेली चिठ्ठी साडूंनी काचेची चौकट करून बैठकीत लावली आहे. आल्यागेल्याला ते ती अभिमानाने दाखवतात. परवा मीही पुन्हा एकदा पाहिली, कौतुक केलं. बाकीचे पाहुणे गेल्यावर त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या होत्या, तुरीच्या डाळीने पिवळ्या पडलेल्या.

"त्या दिवशी लई खुश झाल्तो मी," ते म्हणाले. "पण पाव्हणे, तीस वर्षं माझ्या मनातलं मी सांगायच्या आधी तिला माहीत असायचं. आता ती मलाच विचारते, पुढं काय होणार म्हणून."

एवढ्यात आतून अक्कांनी हाक मारली, "चहा घेता ना?" आणि साडूंनी घाईघाईने पिशवी पुन्हा खिशात ठेवली.