अक्काच्या हाताचा नकाशा

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या स्टँडवर जळगावच्या बसची वाट बघत होतो. तिला भेटायलाच निघालो होतो. अक्काची मुलगी रेखा इतकंच म्हणाली, "मामा, आता घाई करू नका." मी 'बरं' म्हणालो आणि भलत्याच, शिरपूरच्या बसमध्ये जाऊन बसलो... कंडक्टरने उतरवलं.

माझी ही मोठी बहीण जळगावजवळच्या असोद्यात पुरणाच्या मांड्यांसाठी ओळखली जायची. पिठाचा गोळा दोन्ही हातांवर खेळवत ती कोपरापर्यंत ताणायची आणि उपड्या खापरावर अलगद टाकायची. गेल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मांडा तीनदा उजव्या हातावरून घसरला. मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन करता येणार नव्हतं, म्हणून किरणोपचार ठरले.

त्याआधी नाशिकला तिला मशीनमध्ये झोपवून बोटं हलवायला सांगितली. मग डॉक्टरांनी पडद्यावर मेंदूचा नकाशा दाखवला. लाल ती गाठ आणि तिला चिकटलेला पिवळा ठिपका म्हणजे उजवा हात चालवणारी जागा. तिथे किरणं कमी दिली तर हात टिकण्याची आशा होती, पण गाठीची ती कड उरण्याची भीतीही होती. अक्काचे जावई, रेखाचे यजमान, म्हणाले, आधी जीव वाचवा. अक्काने पडद्यावरच्या पिवळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हात राहू द्या, डॉक्टर. बिनहाताची मी कायले जगू?"

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, तिचंच ऐका.

हात सुधारला. दिवाळीत तिने मांडेही केले. त्यानंतर पाय गेला, मग बोलणं गेलं. गाठ पुन्हा वाढली होती, पण पिवळ्या ठिपक्याच्या बाजूने नाही. पलीकडून, जिथे किरणं पुरेपूर दिली होती तिथून. तुमचा निर्णय चुकला असं म्हणता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बरोबर होता असंही ते म्हणाले नाहीत. जावई मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर मला निदान उत्तर तरी शोधावं लागलं असतं...

ती जाण्याआधीच्या रविवारी मी तिच्या खाटेवर बसलो होतो. तिने मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. नजर कुठेतरी भिंतीवर होती. तेवढ्यात तिचा उजवा हात वर आला, माझ्या शर्टाच्या गळ्यापाशी चाचपडला आणि वरचं उघडं बटण त्याने शांतपणे लावलं.

आता रोज सकाळी आरशासमोर त्या बटणापाशी माझी बोटं थांबतात. लावावं की राहू द्यावं, ठरत नाही.