ओला धोटा

कांबळेकाका आवाज न करता बोलायचे. इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेला, आमच्या मराठी मंडळींचं पॉटलक जेवण असलं, की खोलीच्या त्या टोकाहून ओठ रुंद फाकवून मला सांगायचे, ‘भा-जी खा-रट.’ ऐकू काही यायचं नाही, पण कळायचं. तरुणपणी ते इंग्लंडातल्या एका गिरणगावात विणकर होते. मागांच्या खडखडाटात कान निकामी, म्हणून सगळं गाव ओठांनी बोलायचं. पुढे गिरणी बंद पडली आणि नव्वद सालानंतर काका मुलाकडे अमेरिकेत आले. ओठ तसेच राहिले.

मी मुद्दाम जेवताना त्या गावाचा विषय काढायचो.

“घाण गाव,” काका आनंदानं सुरू करायचे. “चिमण्यांच्या काजळीनं चर्चसुद्धा काळं. कॅनॉलचं पाणी आज हिरवं, उद्या जांभळं. खायचं काय, तर गाईच्या पोटाची पिशवी, व्हिनेगर ओतून, गारढोण.”

माझ्या बायकोचा घास हातातच राहायचा.

“आणि धोटा! मागावर धावणारा तो लाकडी धोटा. त्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढायचं. शेजारच्या मागावरचा गोरा जॅक तंबाखू चघळायचा. त्यानं तोंडातला ओला धोटा माझ्या हातात दिला. म्हणाला, ‘ओढ.’”

इथे काका हमखास ताट बाजूला सारायचे.

“मुंबईच्या गिरणीत माझ्या बापाला विणकाम खात्यात कधी घेतलं नाही. महाराची थुंकी सुताला लागली तर बाकीचे बाटतील. म्हणून मी ओढला, लेका. मग माझा ओला धोटा जॅकनं तोंडात घातला. पुसलासुद्धा नाही.”

एकदा काकांबरोबर आमच्याच मंडळींतल्या डॉक्टर जोगळेकरांकडे चहाला गेलो. सगळ्यांना चिनी मातीचे कप, काकांना थर्माकोलचा ग्लास.

“डॉक्टर, मला कप नाही?”

“अहो, कमी पडले.”

काकांनी काचेच्या कपाटाकडे पाहिलं. आत कपांची रांग चमकत होती. त्यांनी डॉक्टरांच्या हातातला कप अलगद घेतला, एक घोट प्यायले आणि परत दिला.

“ओढा.”

मी असलं नाटक तिकीट काढूनही पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी, ज्यांनी जन्मभर लोकांचे घसे तपासले त्यांनी, तो कप दोन बोटांत धरला, सिंकपाशी नेला, चहा ओतून दिला आणि साबणानं हात धुतले. नीट, कोपरापर्यंत.

सोफ्यावरून काकांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ रुंद फाकवले.

‘घा-ण गा-व.’