मोरिवलीची भिंत आणि नववा प्रकार

डिसेंबरातला पहिला शनिवार, सकाळी सहा वीस, संगमनेर बसस्थानक. हजर: मी; पोस्टातून निवृत्त झालेली माझी मैत्रीण नंदा; आणि आपल्या वर्गातले सर्वांत ज्येष्ठ भागवत गुरुजी. सामान: तीन पिशव्या, तीन काठ्या, एक शिट्टी. गैरहजर: सुमनताई. कारण: कंबर.

गेली सहा वर्षं आपण हरी मास्तरांचा भिंतव्यायाम करतो. पाठ भिंतीला, हातात काठी, एकवीस प्रकार, आणि मोजायला माझी शिट्टी. मास्तरांच्या शिष्यांनी छापलेली चोपडी एवढाच आपला गुरू. दिवाळीआधी नववा प्रकार करताना, म्हणजे काठी कंबरेमागे धरून वळताना, सुमनताईंची कंबर धरली. तीन आठवडे त्या अंथरुणावर होत्या. वर्गाच्या वहीत मी लिहिलं, "सूचना न पाळल्याने दुखापत." त्यांनी ते वाचलं, आणि बऱ्या झाल्यावरही त्या आल्या नाहीत. मास्तर जिथे राहिले, जिथे त्यांनी शिकवलं, तिथे जाऊन खात्री करायची असं मी ठरवलं. माझ्या यादीत अकरा कामं होती. पहिलं: नवव्या प्रकारात चूक कोणाची, हे विचारणे.

माळशेज उतरताना नंदाला मळमळलं. गुरुजींनी आल्याची वडी दिली आणि स्वतः दोन खाल्ल्या. मुक्काम नंदाच्या आतेबहिणीकडे, विठ्ठलवाडीला, डेपोच्या मागे तिसऱ्या मजल्यावर. गच्चीवरून मलंगगडाचा डोंगर दिसतो. संध्याकाळभर आम्ही तोच बघत बसलो.

रविवारी सकाळी रिक्षेत तीन माणसं मावली, काठ्या मावेनात. त्या दोन्ही बाजूंनी बाहेर.

"मावशी, राडा करायला चाललात काय?" रिक्षावाल्याने विचारलं.

"व्यायामाला," गुरुजी म्हणाले.

"मग ठीक. राड्याचं भाडं वेगळं असतं."

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात एका जीन्सच्या कारखान्याच्या गच्चीवर लछूभाईंचा वर्ग भरतो. लछूभाई सिंधी, ऐंशीच्या घरातले. तरुणपणी ते मास्तरांच्या कंपनीला मशीन पुसायच्या चिंध्या पुरवायचे आणि तिथेच व्यायाम शिकले. गच्चीच्या कठड्याला पाठ लावून चौदा जण उभे होते. त्यांनी पहिला प्रकार सुरू केला आणि तो संपेचना. हात वर जायला एवढा वेळ, की तेवढ्यात मी पाण्याच्या टाक्या मोजल्या.

"झोप लागली वाटतं यांना," गुरुजी माझ्या कानात म्हणाले.

मग लछूभाईंनी आमचं बघायचं म्हटलं. मी शिट्टी काढली. आपले एकवीस प्रकार दहा मिनिटांत होतात, याचा मला अभिमानच होता. चौथ्या प्रकाराला लछूभाईंनी हात वर केला.

"दीदी, गाडी सुटते काय तुमची?"

सगळे हसले. नंदाही हसली, ते मी लक्षात ठेवलं.

"चोपडीत बारा मोजायला सांगितलंय. मी बाराच मोजते," मी म्हणाले.

"बारा बरोबर आहे. लेकिन कसले बारा? मला नाय सांगता येणार, माझ्या अंगात बसलंय ते. मोरिवलीला जा. तिथे भिंतच सांगेल तुम्हाला."

खाली त्यांच्या सुनेने दाल-पकवान (कडक तळलेली पातळ पुरी आणि वर चण्याची डाळ) आणि कोकी (कांदा घातलेली जाड पोळी) वाढली. गुरुजींनी पुरीचा तुकडा मोडला तो थेट लछूभाईंच्या मांडीवर उडाला.

"हे बघ, मास्तरांचा बावीसवा प्रकार," लछूभाई सुनेला म्हणाले.

अंबरनाथला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. यादीत शिवमंदिर "वेळ उरल्यास" असं होतं. वेळ उरला नाही. मोरिवली म्हणजे अंबरनाथमधलंच जुनं गाव, पण कारखाने त्याच्या कुशीत येऊन बसलेत. एका अंगणात वाल सोलत बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं तर नेमके तेच मास्तरांचे सोबती निघाले, दामा काका. दोघं एकाच प्रेसवर कामाला होते. प्रेस म्हणजे पत्र्याचे भाग ठोकून काढणारं मोठं यंत्र. आम्ही पायरीवर बसलो आणि त्यांनी हकीकत सांगितली.

मास्तर याच गावचे, शेतकऱ्याचा मुलगा, कंपनीत फिटर. साचे उचलून उचलून पाठ गेली. डॉक्टर म्हणाले, काम सोड. घरात सात तोंडं, सोडतात कुठले. जेवणाच्या सुट्टीत शेडच्या भिंतीला पाठ टेकवून, झाडूचा दांडा हातात धरून ते एकेक हालचाल करून बघायचे. दुखेल ती सोडायची, बरं वाटेल ती ठेवायची. अशी एकवीस उरली. आधी कामगार आले, मग संध्याकाळी त्यांच्या बायका, मग अख्खं गाव.

"चला, दावतो," म्हणत काका उठले.

शेडच्या मागची ती भिंत अजून उभी आहे. माणसाच्या खांद्याच्या उंचीवर एक पट्टा गुळगुळीत झालाय, दहाबारा पावलं लांब. शेडमध्ये आता पुठ्ठ्याची खोकी भरलेली आहेत.

"इकरं पाठ लावा," काका म्हणाले. मी लावली. "तवा आतमधी दुसरी पाली, म्हंजे शिफ्ट, चालू असायची. धाड करून ठोका परला का भिंत हालायची, पाठीत कलायचा. मंग पोऱ्या पत्रा बदलनार. मंग दुसरा. आमी त्याच्यावर मोजायचो. तोंडानं कोन मोजतो?"

"एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळ?" मी विचारलं.

त्यांनी तळहात भिंतीवर मारला. मग नुसते उभे राहिले. मी एक पूर्ण श्वास घेतला, सोडला, तरी ते उभेच. मग दुसरा तळहात पडला.

गुरुजींनी पिशवीतून चोपडी काढली, उलटसुलट पाहिली आणि परत ठेवली. किती वेगाने मोजायचं ते चोपडीत कुठेच नाही. लिहिणाऱ्यांच्या पाठीत ते रोज वाजत होतं, लिहायचं त्यांना सुचलंच नसणार. ती रिकामी जागा मी माझ्या शिट्टीने भरली होती.

बदलापूरला कुळगावात मास्तरांची लेक राहते, प्रभाताई. दुपारचे दोन वाजले होते, तरी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं (मोड आणून सोललेल्या वालाची आमटी) गरम होतं. प्रेस बंद पडल्यावर मास्तर शेवटची वर्षं इथेच होते. भिंतीत आवाज नाही म्हणून पहिले काही महिने त्यांना व्यायामच जमेना. मग ते तळहाताने ठोका द्यायला लागले. प्रभाताई अजून तसाच देतात.

जेवणं झाल्यावर मी पहिलं काम काढलं. नववा प्रकार त्यांच्यासमोर करून दाखवला, आपल्या वेगाने. त्यांनी मध्येच माझी काठी धरली.

"असं वळवलं कोणाला?"

"वर्गात."

"लागलं कोणाला?"

"एका बाईंना. कंबर."

"वय?"

"बासष्ट."

प्रभाताईंनी काठी सोडली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांनी ठोका दिला. दुसरा ठोका पडेपर्यंत सावकाश वळत गेलं की कंबर स्वतःच सांगते, बाई, इथे थांब. शिट्टीवर वळताना ते ऐकायला वेळच नसतो.

"आमचे अण्णा, म्हणजे तुमचे मास्तर, म्हणायचे, दुखलं तर माणसाला विचारू नका तू काय केलंस. आपण काय मोजलं ते आठवा," प्रभाताई म्हणाल्या. "त्या येतात का अजून?"

"नाही."

"तुम्ही गेला होता का त्यांच्याकडे?"

नंदा माझ्याकडे बघत होती. गुरुजी चष्मा पुसत होते.

"नाही," मी म्हणाले.

सोमवारी परतलो. घाट चढताना गुरुजी म्हणाले, "एकवीस प्रकार मला तोंडपाठ. पण एकही येत नाही म्हणायचं." मी खिडकीच्या दांडीवर बोटाने ठोका देऊन बघत होते. प्रत्येक वेळी लवकर पडत होता.

मंगळवारपासून वर्गात शिट्टी बंद आहे. नंदा तळहाताने ठोका देते. माझ्यापेक्षा तिचा बरा पडतो. आता अर्धा तास लागतो, तेव्हा सर्वांनी घरून वेळ काढून यावं. वहीतली ती ओळ मी तशीच ठेवून खाली लिहिलं आहे: "वरील नोंद चूक. सूचनाच चुकीची होती. सूचना देणारी मी." वर्गात ते वाचूनही दाखवलं. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्या मात्र तिथे नव्हत्या.

फोन कर, असं नंदा म्हणते. हे फोनवर सांगायचं नाही. सुमनताईंचं घर आमच्यापासून तिसऱ्या गल्लीत आहे. दोनदा तिथवर गेले. एकदा दाराला कुलूप होतं. दुसऱ्यांदा दार उघडं होतं, आतून भांड्यांचा आवाज येत होता, आणि मी दूध आणायचं आठवून मागे फिरले.

यादीतल्या अकरा कामांपैकी दहांवर खूण झाली आहे. शिवमंदिराचं मी रद्द म्हणून धरलं. घरी आल्यावर तळाशी एक नवीन लिहिलं: सुमनताईंकडे जाणे, वही बरोबर नेणे. बाकी.