आवाज कमी करू नका

महिना होत आला त्याला. एका दुपारी आबांचा फोन आला. आबा म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, रत्नाचे वडील. जन्मभर कापडाच्या लूमवर उभं राहून दोन्ही कान गेलेले, त्यामुळे फोनवर ते फक्त बोलतात, समोरच्याचं ऐकत नाहीत. "रत्ना गयी, बेटा," एवढं मोठ्यानं म्हणाले आणि फोन ठेवून दिला. मी इकडे "आबा, आबा" करत राहिले... साधा ताप म्हणून तिनं अंगावर काढला, डेंग्यू निघाला, आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं.

मग लेख छापून आले. कुणी तिला आवाजांची जादूगार म्हटलं, कुणी नादयोगिनी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रत्ना कसली योगिनी! लिंबायतच्या कामगार गल्लीत माझ्याबरोबर वाढलेली, कुणाच्या बापाला न भिणारी भांडखोर मुलगी होती ती. शहराचे आवाज रेकॉर्ड करायचे, ते जुळवायचे आणि लोकांना बसवून ऐकवायचे, हे तिचं काम. रिक्षावाल्यांची वादावादी, टेम्पोत आपटणारे साड्यांचे गठ्ठे, भेस्तान स्टेशनला खोळंबलेल्या गाड्यांचे हॉर्न. हा कचरा कशाला गोळा करतेस, असं मी विचारायचे. चांगले आवाज जपायला पुष्कळ लोक आहेत, म्हणायची.

आबांचा डबा पोचवायला आम्ही दोघी जायचो. लूमचा कारखाना, इथे त्याला खातंच म्हणतात. दारातून आत पाऊल टाकलं की कानावर घण पडायला लागायचे. आत कुणाला कुणाचं ऐकू येत नसे. तरीही रत्ना दारातूनच बेंबीच्या देठापासून ओरडायची, "आबा, डबा लई उनू!" म्हणजे डबा घेऊन आले. मग जवळ जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवायची. आबा धाग्यावरची नजर न काढता म्हणायचे, "ठेव तठे." अगं, त्यांना ऐकू येत नाही तर ओरडतेस कशाला? यावर तिचं उत्तर ठरलेलं, येत नाही म्हणून हाक मारायची नाही का?

आबांचे कान एका दिवसात गेले नाहीत. वर्षानुवर्षं गेले, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मालकाला कधी त्यांच्या कानात घालायला कापसाचा बोळा द्यावासा वाटला नाही.

आबा कामावरून उतरले त्या शेवटच्या दिवशी रत्ना पिशवीत रेकॉर्डर ठेवून डबा घेऊन गेली. त्या रेकॉर्डिंगवरून तिचं सर्वांत गाजलेलं काम उभं राहिलं. शहराच्या श्रीमंत भागातल्या एका कलादालनानं ते मांडलं आणि पहिल्याच दिवशी आवाज निम्म्यावर आणला. पाहुण्यांचं डोकं दुखतं म्हणे. रत्ना संयोजकांना सगळ्यांसमोर म्हणाली, "आवाज कमी करायचा असेल तर खात्यात जाऊन करा. इथे नको." तिनं वाढवायचा, त्यांनी उतरवायचा, असं प्रदर्शन संपेपर्यंत चाललं. शेवटी त्यांनी बटणाच्या खोलीला कुलूप घातलं. एवढं कशाला ताणायचं, असं तेव्हा पुष्कळांना वाटलं.

त्याच दालनानं तिची शोकसभा ठेवली. एसी, पांढरे सोफे, फोटोला मोगऱ्याचा हार. आबांना पुढच्या रांगेत बसवलं होतं. एक गृहस्थ श्रमाच्या संगीतावर बोलले. या माणसानं खात्यात पाऊल तरी टाकलं होतं का? मग तिचं रेकॉर्डिंग लावलं, हलकं, हॉटेलात जेवताना लावतात तसं. लोकांनी डोळे मिटले. आबा इकडेतिकडे बघत होते. साऱ्या सभेला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी मला विचारलं, "बेटा, हाई चालू शे का?"

मी उठले. खोलीला आज कुलूप नव्हतं. बटण होतं तेवढं पिरगाळलं. "मॅडम, प्लीज," संयोजक मागे धावत आले. मी त्यांना दाराबाहेरच ठेवलं. बाहेर खुर्च्या सरकल्या, लोक कानांवर हात ठेवून उठले. आणि त्या खडखडाटाच्या तळातून बारीक, पण अगदी स्पष्ट आलं, "आबा, डबा लई उनू!"

चाळिशीला टेकलेली बाई, हाक तीच. प्रदर्शनात मी हे काम कितीदा ऐकलं होतं, पण उतरवलेल्या आवाजात ही हाक कधी ऐकूच आली नव्हती. ती कशासाठी भांडत होती ते तेव्हा कळलं, आणि त्यांनी काय पुसलं तेही... परवा त्यांचा निरोप आलाय, हे काम कायमचं दालनात ठेवू, फक्त आवाज सौम्य असेल. आबांना तो दाखवला, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नकार कळवला. ज्या शब्दांत कळवला ते इथे छापता येणार नाहीत.

रत्नाचा मोठा स्पीकर आता डिंडोलीला आबांच्या खोलीत आहे. शाळेतलं शिकवणं संपलं की मी जाते आणि पूर्ण आवाजात लावते. शेजारी सगळे लूमवालेच, कुणी तक्रार करत नाही. आबा स्पीकरच्या जाळीवर तळवा टेकवून बसतात. खडखडाट त्यांना हाताला कळतो, हाक मात्र कळत नाही. म्हणून ती आली की मी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवते. आबा वळत नाहीत.

"ठेव तठे," म्हणतात.