बासष्ट पानांचा अभिप्राय

बेलापूरजवळच्या आमच्या गावातल्या वाचनालयात अभिप्रायाची वही आहे. ती टेबलाला दोरीनं बांधलेली असते आणि तिच्यात पाहुणे लिहितात, "उपक्रम स्तुत्य आहे." वाचणारे लिहितात ते पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर. तिथं लिहू नये अशी भिंतीवर पाटी आहे. ती पाटी ज्यांनी लावली तेच तिथं सगळ्यात जास्त लिहायचे.

त्यांना सगळे नाना म्हणतात. हुद्द्यानं शिपाई, पण पुस्तकं देणं, घेणं, नोंदणं, फाटलेली शिवणं हे सगळं गेली कित्येक वर्षं तेच करतात. सातवीपर्यंत शिकलेले. वाचनालयात लागण्याआधी ते श्रीरामपूरच्या मार्केट यार्डात हमाली करायचे. पाठीत भरलं म्हणून ते काम सुटलं आणि कुणीतरी ओळखीनं त्यांना इथं चिकटवलं.

नानांना रहस्यकथा आवडायच्या. त्यातही एका लेखकाच्या. त्याची झाडून सगळी पुस्तकं त्यांनी वाचली होती आणि प्रत्येकाच्या मागं पेन्सिलीनं एक-दोन ओळी लिहिल्या होत्या. "अर्ध्यापर्यंत कळत नाही. चांगले." "बायको आधीच संशयास्पद वाटते." एका पुस्तकावर फक्त एवढंच होतं, "आंघोळीचे पाणी गार झाले." मी शाळेत असताना पुस्तक हातात घेतलं की आधी मागून उघडायचो. नानांची ओळ वाचायची आणि ठरवायचं. आमच्या घरात त्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. पुस्तक चांगलं की वाईट हे विचारायला मला दुसरं माणूस नव्हतं.

एकदा कुणीतरी "खुनी डॉक्टर आहे, वाचू नका" असं एका पुस्तकावर लिहून ठेवलं. नाना दोन दिवस धुमसत होते. मग त्यांनी कागदाची पट्टी कापली, डिंकानं ती त्या ओळीवर चिकटवली आणि म्हणाले, "वाचनाऱ्याच्या तोंडातला घास काढला त्यानं."

बारावीच्या वर्षी दुपारी वाचनालय बंद असताना ते मागचं दार माझ्यासाठी उघडं ठेवायचे. घरी अभ्यासाला जागा नव्हती. मी आत बसायचो, ते बाकावर पडायचे. संगमनेरला कॉलेजात गेलो, इतिहासात एम.ए. झालो, तिथंच एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागलो. यातलं किती त्या मागच्या दाराचं आहे हे मला माहीत आहे. माहीत असूनही मी जे केलं ते आता सांगतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा नानांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं.

"तुझ्यासाठी बाजूला ठिवलंय," ते म्हणाले. "आपल्या लेखकानं आवंदा खून सोडला. यादवांच्या काळातलं लिवलंय, देवगिरीचं. लोकं नाकं मुरडायला लागली. तू इतिहासाचा हायस. वाच आन् मला सांग, खरं हाय का ते."

"रहस्यकथावाल्यानं इतिहास लिहिला म्हणजे बघायलाच नको," मी हसून म्हणालो.

"आधी वाच तर गड्या."

कादंबरी देवगिरीच्या वेढ्यावर होती. किल्ल्यात धान्य म्हणून चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं आणि किल्ला पडला, ही गोष्ट आमच्याकडं शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. म्हणजे शेवट मला माहीत होता. लेखकानं सुरुवात केली होती ती राजापासून नाही, प्रधानापासूनही नाही, तर पोती वाहणाऱ्या एका हमालापासून. पन्नास पानं झाली तरी हमालच. त्याची बायको, त्याची कंबर, त्याची चढण. बासष्टाव्या पानावर मी पुस्तक मिटलं. कॉलेजात माझा नुकताच एक निबंध छापून आला होता आणि त्या दिवसांत मला कुठलंही पुस्तक माझ्यापेक्षा कमीच वाटायचं.

मग मी मागचं पान उघडलं. वर पेन्सिलीच्या दोन ओळी होत्या, नानांचं अक्षर. मी त्या वाचल्या नाहीत. ज्या ओळी आधी वाचल्याशिवाय मी कधी पुस्तक घरी नेलं नव्हतं, त्या समोर असताना मी खिशातून बॉलपेन काढलं आणि त्यांच्या खाली लिहिलं:

"लेखकाने आपले क्षेत्र सोडू नये. मध्ययुगाचा अभ्यास दिसत नाही. शेवट सर्वज्ञात असताना रहस्य कसले? हमालाच्या पाठीवरून इतिहास दिसत नसतो."

खाली सही केली आणि सहीखाली एम.ए. असंही लिहिलं. शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं की त्याचा फोटो काढून कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. "वा सर" आले, अंगठे आले. एका सहकाऱ्यानं ते वाक्य आपण वर्गात वापरू का असंही विचारलं.

पुस्तक परत दिलं तेव्हा नानांनी विचारलं, "कसं वाटलं?"

"मागं लिहिलंय, बघा," मी म्हणालो. मला गाडी पकडायची होती.

पुढं उन्हाळ्यात गावी आलो. वाचनालयात शिरलो तर नाना उठून उभे राहिले. "या सर, बसा."

मला वाटलं चेष्टा करताहेत. "नाना, सर काय?"

"मग काय म्हनायचं? तुमी आता सर हायच की." त्यांनी खुर्ची पुसली. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

मी उगाच कपाटापाशी गेलो. ते पुस्तक तिथं होतं, कव्हर जसंच्या तसं नवं. मागचं पान उघडलं. माझ्या चार ओळींखाली आणखी अभिप्राय जमले होते. एका निवृत्त गुरुजींनी लिहिलं होतं, "सहमत." कुणी लिहिलं होतं, "आधीच्यासारखा थरार नाही." कुणी नुसतं "बोअर." आणि माझ्या ओळींच्या वर, जिथं पेन्सिलीच्या दोन ओळी होत्या, तिथं काहीच नव्हतं. कागद तेवढ्या भागात मळकट आणि जरा विसविशीत झाला होता. रबरानं घासलेला.

मी पुस्तक खिडकीपाशी नेलं आणि पान तिरकं धरलं. नाना पेन्सिल दाबून लिहितात. शिसं पुसलं गेलं तरी वळ राहिले होते. थोडा वेळ लागला, पण अक्षर लागलं.

"पोते उचलताच हमालाला कळते. हे खरे आहे. त्याला कोणी विचारत नाही."

मी ते पुस्तक घरी नेलं आणि दोन दिवसांत पुरं वाचलं. ते प्रकरण पुस्तकाच्या मध्याच्याही पुढं होतं. किल्ल्यात घाईनं पोती चढवली जात असतात. तो हमाल एक पोतं पाठीवर घेतो आणि तिथंच थांबतो. धान्याचं पोतं पाठीवर आलं की आतले दाणे थोडे सरकतात, पोतं पाठीच्या आकाराला बसतं. हे बसत नाही. दगडासारखं राहतं, आणि आकाराच्या मानानं जड. त्याला कळतं. मागून मुकादम ओरडतो, पाय उचल. तो पाय उचलतो. संध्याकाळपर्यंत तो मिठाची सतरा पोती वर नेतो आणि प्रत्येक वेळी त्याला वाटतं, आता कुणीतरी विचारेल. लेखकानं शेवट लपवलाच नव्हता. आत काय आहे हे वाचणाऱ्याला ठाऊकच असणार हे त्यानं धरलं होतं. त्याचं रहस्य वेगळं होतं, कुणाला आधी कळलं होतं हे. हे त्यानं मार्केट यार्डात बसून लिहिलं असावं असं वाटत होतं. नानांना ते खरं का वाटलं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यांनी मला विचारलं होतं, खरं हाय का ते. त्यांना स्वतःला ते खरं आहे हे ठाऊक होतं. शिकलेल्या माणसानं एकदा तसं म्हणावं, एवढंच हवं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाचनालय बंद व्हायच्या वेळेला गेलो. नाना खिडक्या लावत होते.

"नाना, तुमच्या ओळी तुम्ही खोडल्या?"

"कोनत्या?" म्हणाले. मग माझ्या हातातलं पुस्तक बघून, "हां. तुमी खाली येवढं अभ्यासाचं लिवलेलं, त्याच्या डोक्यावर आमचं पेन्सिलीचं कशाला? लोकं हसतील."

"मी ते पुस्तक वाचलंच नव्हतं. बासष्ट पानं वाचली होती फक्त."

त्यांनी एक खिडकी लावली, दुसरी लावली. कडी घट्ट होती, ती ठोकून बसवली.

"बासष्ट," ते म्हणाले.

"हो."

"मंजे ती मिठाची पोती चढवायच्या आधीच सोडलं तुमी."

"हो."

"मला वाटलं, तुमी सगळं वाचलं आन् तुमाला ते खोटं वाटलं. म्हनून म्हनलं, मलाच कळलं नसंल." ते टेबलामागं येऊन बसले. "तुमचं वाचून चार जनांनी हातातलं पुस्तक परत ठिवलं. येक मास्तरीनबाई न्हेनार हुत्या, त्यांनीबी."

"मग पट्टी का नाही चिकटवलीत? त्या डॉक्टरवाल्यावर चिकटवली होती."

"तो कोन हुता मला म्हाईत नव्हतं," नाना म्हणाले. "हे तुमचं अक्षर हाय. सही हाय खाली. त्याच्यावर डिंक कसा लावू?"

मी डिंकाची बाटली मागितली. मीच चिकटवतो म्हणालो. त्यांनी नको म्हटलं. "लिवलंय ते लिवलंय. झाकलं तर लोकं अजून उकरून बघत्यात."

"मग खाली लिहितो," मी म्हणालो आणि पेन काढलं.

"पेनानं नको. पुस्तकाला खुपतं ते." त्यांनी ड्रॉवरमधून पेन्सिल दिली.

मी शेवटच्या "बोअर"खाली लिहिलं: "वरील अभिप्राय देणाऱ्या एम.ए.ने तेव्हा पुस्तक बासष्ट पानांपर्यंतच वाचले होते. आता पूर्ण वाचले. हमालाचे प्रकरण खरे आहे. हे त्याच्या आधी एका वाचकाने ओळखले होते." अक्षर शाळकरी आलं. पेन्सिल नानांपुढं धरली. "आता तुमचं परत लिहा."

त्यांनी पेन्सिल घेतली, तिचं टोक बघितलं आणि ती ड्रॉवरमध्ये ठेवली. "काय लिवलं हुतं ते आता ध्येनात न्हाई सर."

मला ते शब्दन् शब्द पाठ होते. पण ते मी लिहून उपयोग नव्हता.

कॉलेजच्या ग्रुपवरही मी खरं काय ते टाकलं.

त्यानंतर दर सुट्टीत मी ते पुस्तक काढून मागचं पान बघतो. कव्हर आता कोपऱ्यांत मळलंय, म्हणजे लोक नेतात. मास्तरीणबाईंनी लिहिलंय, "हमालासाठी वाचावे." वरची जागा मात्र अजून तशीच कोरी आहे. नानांनी त्यानंतर कुठल्याच पुस्तकावर काही लिहिलेलं मला सापडलेलं नाही. मी सगळी नवी पुस्तकं तपासली आहेत. मी मागून पुस्तकं उघडत बसलो की ते बाकावरून बघतात आणि विचारतात, "काय शोधताय सर?"

मी म्हणतो, काही नाही.