चष्मेवाल्याची आई

आमच्या इमारतीत तळमजल्यावर चष्म्याचं दुकान आहे. मालक मागच्याच खोलीत राहतो, एकटा. वय पंचावन्न, चेहरा सत्तरचा. दुकानात शंभर फ्रेमा टांगलेल्या आणि स्वतःच्या चष्म्याची काडी चिकटपट्टीनं बांधलेली. "अहो, गिऱ्हाईक पळेल तुमचं," म्हटलं, तर म्हणतो, "वहिनी, आता पळायला राहिलंय कोण?"

नऊ वर्षांपूर्वीपर्यंत तो मंडळातला होता. मंडळ म्हणजे मागच्या गल्लीतली ती कडक माणसं. करडे कपडे, मोजून बोलणं, बाहेरचं पुस्तक वाचायला बंदी. सगळ्यांचे चष्मे हाच करायचा. एक दिवस वरून हुकूम आला, वाचायचा चष्मा कोण कोण नेतं त्यांची यादी द्या. चोरून वाचणारे म्हणे त्यातून सापडतील! आता चाळिशी उलटली की अख्खं मंडळ त्या यादीत. पण तिथं हसायचं कुणी? हा नाही म्हणाला. तीनदा बोलावून झापलं. चौथ्यांदा हा गेलाच नाही.

जो बाहेर पडला त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या हातून काही घ्यायचं नाही, असा त्यांचा नियम. बायको आत राहिली, मुलगी आत राहिली, आईसुद्धा. मुलीचं लग्न झाल्याचं याला माझ्याकडून कळलं. मला काय, सगळंच कळतं. त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत त्याच त्या काचा पुसत बसला होता. मग म्हणाला, "बायकोचं समजू शकतो, वहिनी. आईनं एकदा नुसतं 'अरे' म्हटलं असतं तरी चाललं असतं."

यंदा त्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या, मी मावशी म्हणते त्यांना, माझ्या दारात हजर.

"अगं, सुईत दोरा जात नाही. इथं खाली कुणीतरी चष्मे करतं म्हणे."

म्हणे! पोटचा पोरगा, आणि म्हणे!

"चौकात दोन दुकानं आहेत की, मावशी."

"तिथं जिना चढावा लागतो."

तिथं जिना नाही. पण मी गप्प बसले, आणि मला ते किती जड जातं हे घरच्यांना विचारा.

"तू मध्ये बस," त्या म्हणाल्या. "मी तुझ्याशी बोलेन. तुझ्याशी बोलू नको असं कुणी सांगितलेलं नाही."

गेलो. त्यानं आईकडे पाहिलं, खुर्ची पुसली, एकदा पुसलेली पुन्हा पुसली. मावशी डोळे मिटूनच बसल्या. डोळे तपासायला आलेली बाई डोळे उघडेना!

"आईला सांगा, समोरच्या कार्डाकडे बघ. ही काच बरी की ही?"

"तो विचारतोय, ही बरी की ही?"

"त्याला सांग, आधीची."

"आधीची म्हणतात." तोवर त्यानं तिसरी काच घातलेली. आधीची म्हणजे कुठली, यात आमची दहा मिनिटं गेली. कंटाळून मी म्हटलं, "मावशी, तो म्हणतोय तुम्ही फार वाळलात."

"तो असलं काही म्हणाला नाही. मला ऐकू येतं."

"मग मी कशाला बसलेय इथं?"

कुणी हसलं नाही. त्याची मान खाली होती. आईच्या कानामागे तो काडी बेतून बघत होता, आणि ते काम एवढा वेळ चालत नाही हे मलाही समजत होतं.

चष्मा तयार झाला. त्यानं टेबलावर ठेवला, मी उचलला, मावशींनी माझ्या हातून घेतला. डोळ्यांवर चढवून त्या कार्ड वाचत राहिल्या. कार्डाच्या वर त्याचं तोंड होतं, तिकडे बघितलंच नाही. "त्याला सांग, दिसतंय." आणि निघाल्या.

आठ दिवसांनी पुन्हा माझ्या दारात. काडी सैल झाली होती. त्यानं स्क्रू घट्ट केला. पुढच्या आठवड्यात पुन्हा सैल. त्याच्या पुढच्याही. त्या गेल्या की तो खुर्चीत असा बसायचा, जणू दिवसभर दगड वाहिलेत.

चौथ्या वेळी त्यानं भिंगाखाली स्क्रू धरला. खाचेवर ओरखडे होते, सुईच्या टोकाचे. मलाही दाखवले. मग भिंग खाली ठेवलं.

"आईला सांगा, स्क्रू ढिला करून यायची गरज नाही. दुकान रोज उघडं असतं. नुसतं आलं तरी चालेल."

मी सांगितलं. मावशी पदराचं टोक चाळवत बसल्या.

"त्याला सांग, नुसतं येता येत नाही. कुठं गेली होतीस, हे मला मंडळात जाऊन सांगावं लागतं. कारण लागतं."

"आणखी किती दिवस असं करणार, विचारा. मी थकलो, वहिनी."

"मी पण थकलेय, म्हणावं," मावशी म्हणाल्या. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघून.

हा निरोप मी पोचवला नाही. त्यानं ऐकला होता. त्यानं पेचकस उचलला आणि स्क्रू घट्ट केला. थोडा वेळ काडी उघडत-मिटत राहिला. मग पेचकस पुन्हा लावून अर्धा फेरा सैल केला आणि चष्मा माझ्यासमोर ठेवला.