दादाचा लाइव्ह अल्बम आणि बसलेला आवाज

मंडळी, आमच्या दादाच्या रॉक बँडचा लाइव्ह अल्बम आज आला. जर्मनीच्या दौऱ्यात रेकॉर्ड केलेला. शाळेत शिकवून सोलापूरच्या उन्हातून घरी आले, तर आई दारातच. "लाव की गं."

लावला. गाणं सुरू झालं की म्हणायची, "हे पुढं ढकल." तिला फक्त दोन गाण्यांच्या मधलं दादाचं बोलणं हवं होतं. तेही इंग्रजीत, तिला न कळणारं.

"आवाज बसलाय गं त्याचा. एवढी माणसं टाळ्या वाजवायलेत, कुणी पाणी तरी दिलं का?"

"दिलं असेल," मी म्हणाले. चौथीच्या पोरांवर ओरडून माझाही आवाज पार घोगरा झालाय.

"परत लाव की."

खरं सांगा, घरच्यांना आपला आवाज ऐकू यायला परदेशीच जावं लागतं का?